कोपऱ्यातला फोटो

पत्नी सुमतीबाईंचं तेरावं आटोपून पाहुणे गेले. संध्याकाळी नाडकर्णी मिरजेच्या घरात खुर्चीवर बसले होते, तेवढ्यात दिवा आपोआप मालवला आणि पंखा थांबला. त्यांनी आवाजावर चालणाऱ्या त्या घराला दिवा लावायला सांगितलं. घराने ऐकलं नाही.

पुण्याला पोहोचलेल्या मैथिलीने वडिलांना व्हिडिओ कॉल केला. "बाबा, अंधारात का बसलायत?"

"घराला वाटतं, इथे कोणी नाही."

मैथिलीने फोनवर घराचं पान उघडलं. घरात कोण राहतं, हे घराला त्या पानावरूनच कळायचं, आणि ते पान तिनेच मांडलं होतं. आईचं नाव तिने थोड्या वेळापूर्वीच काढलं होतं. पान मांडताना बाबांच्या फोटोला 'माणूस' अशी खूण दिली की तो आईच्या फोटोखाली जाऊन बसायचा आणि पान लांबडं दिसायचं. म्हणून तिने 'सजावट' अशी खूण देऊन तो कोपऱ्यात नीट बसवला होता.

"इतकी वर्षं घर तुमच्याशी बोलतच नव्हतं?"

"तुझी आई सांगायची ना त्याला सगळं. मला कधी गरजच पडली नाही."

मैथिलीने खूण बदलली. फोटो कोपऱ्यातून खाली घसरला आणि पानाची सगळी मांडणी बिघडली. तिने ती तशीच राहू दिली.

मिरजेच्या घरातले सगळे दिवे लागले. "नमस्कार," घर म्हणालं. "आपल्याबरोबर आणखी कोण राहतं?"

नाडकर्णींनी स्वयंपाकघरात लागलेल्या दिव्याकडे पाहिलं.

"मी एकटाच," ते म्हणाले.

मग घराने स्वयंपाकघरातला दिवा मालवला.