हिल्काचं गिरमिट

फेब्रुवारीच्या सुट्टीत मी आणि माझी सासू हिल्का फिनलंडमधल्या गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला गेलो होतो. ऊन लख्ख होतं. मी मासे तिथेच लोण्यात परतत होते. “करपवलेस ना, सिर्पा, नेहमीसारखे!” सासू म्हणाली. मी रागाने उठून सरपणासाठी काठाकडे निघाले आणि पायाखालचा बर्फ फुटला. गळ्यापर्यंत बुडाले, श्वासच अडकला. बहात्तर वर्षांची हिल्का पोटावर सरपटत आली. बर्फाला भोकं पाडायचं लांब गिरमिट तिने माझ्यापुढे सरकवलं. तिच्याखालचा बर्फही करकरत होता. “मागे जा, दोघीही मरू!” मी ओरडले. “गप्प! धर आणि पाय मार!” शेवटी तिने मला ओढून काढलं. काठावरच्या घरात शेकोटीपुढे तिने मला घोंगडीत गुंडाळलं. “माझ्या मुलाला सांगू नकोस,” ती म्हणाली. “तो आपल्या दोघींना पुन्हा इथे येऊ द्यायचा नाही.”