खाली की वर?

बाहेर पांढऱ्या ढगांशिवाय काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात टक्कर टाळणारं यंत्र ओरडलं, "खाली उतरा!" त्याच क्षणी नियंत्रण कक्षातून आवाज आला, "वर चढा!"

कॅप्टन दिघ्यांचा यंत्रावर विश्वास नव्हता. मागच्याच महिन्यात त्यानं रिकाम्या आकाशात उगाच बोंब ठोकली होती. त्यांनी विमान वर घ्यायला सुरुवात केली.

"सर, अशा वेळी यंत्राचंच ऐकायचं असतं," सहवैमानिक शर्वरी म्हणाली. "समोरच्या विमानाला त्यांचं यंत्र वर जायला सांगत असणार."

"आणि त्या वैमानिकानं नाही ऐकलं तर?"

"तोही आपल्याबद्दल हेच म्हणत असेल, सर."

दिघ्यांनी दात आवळून विमान खाली झुकवलं. मागे प्रवासी किंचाळले. ढगातून दुसऱ्या विमानाचं प्रचंड पोट बाहेर आलं आणि त्यांच्या डोक्यावरून गडगडत निघून गेलं.

दिघ्यांनी विमान पुन्हा सरळ केलं. मग रेडिओवर एका अनोळखी बाईचा कापरा आवाज आला.

"खाली गेलात, उपकार झाले. तुम्ही ऐकाल याची मला खात्री नव्हती."

दिघ्यांनी माइकचं बटण दाबलं. "तुमची मलाही नव्हती, कॅप्टन."