न फुटणारे एक्क्याण्णव

“एक्क्याण्णव फुटत न्हाय,” होडीचा म्होरक्या धर्माजी तांडेल म्हणाला आणि उरलेले बांगडे त्याने निळ्या टपात सरकवले.

थळच्या किनाऱ्यावर आज पाच हजार दोनशे एक्क्याण्णव बांगडे मोजून झाले होते. वाटे तेरा. तांडेल धरून अकरा खलाशांचे, एक होडीचा, एक जाळ्याचा. प्रत्येक वाट्याला चारशे गेले. समान वाटता येत नाही ती मासळी कुणाचीच नाही, ती तांडेलाने बाजूला ठेवायची, अशी या होडीची रीत.

कल्पिता चार दिवस हे बघत होती. नुकतीच गणितात एम.एस्सी. झालेली, डोकं तापलेलं. तिचा बाप, नामा, चौदा वर्षांपूर्वी याच होडीवरून समुद्रात गेला तो परत आलाच नाही. आईने दारोदार मासळी विकून तिला शिकवलं. आणि हा तांडेल मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून रोज टप भरत होता.

“फुटतो की, काका.” खिशातला खडू काढून तिने होडीच्या फळीवर आकडा मांडला. “एक्क्याण्णव दिसायला मूळ संख्या. भलेभले फसतात. पण तेरा साती एक्क्याण्णव. अख्खा आकडा घेतलात तरी तेच, अकरा, तेरा आणि सदतीस यांचा गुणाकार. काल अठ्ठ्याहत्तर उरले म्हणालात, तेरा सक अठ्ठ्याहत्तर. परवाचे पासष्टही तसेच. रोज प्रत्येकाच्या वाट्यातून पाच-सात मासे कमी होतात.”

आता खलाशी तांडेलाला धारेवर धरतील, असं तिला वाटलं. पण कुणी मान वर करेना.

शेवटी म्हातारा खलाशी सदा हळूच म्हणाला, “तेराचा पाढा आमाला बी येतो, बाय.”

तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या मागे बघत होता. कल्पिता वळली.

मागे तिची आई, गोदू, उभी होती. काखेत रिकामी पाटी. रोज वाटे उचलून झाले की ती हा टप न्यायला यायची; गेले दिवस कल्पिता त्याआधीच घरी परतली होती. आई मासळी आणते कुठून, हे कल्पिताने चौदा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. नामा गेला तेव्हा गावाने पुढे केलेला तांदूळही गोदूने परत पाठवला होता, हे मात्र तिला पक्कं आठवत होतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तळव्याने ती फळीवरचा आकडा घाईघाईने पुसू लागली. ओल्या लाकडावर खडू नुसता पसरत गेला.

गोदूने ते सगळं वाचलं होतं. सातवीपर्यंत तीही शिकली होती.

“तांडेलदादा,” तिने विचारलं, “चौदा वर्षं मी कोणाचं खाल्लं मग?”