अकराचा फोन

बरोबर अकराला फोन वाजला. साक्षीने पुस्तकाच्या पानात बोट घालून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने रिसीव्हर उचलला.

"बाळासो बोलतोय, दूध संघातनं. साहेब हायत न्हवं?"

"आहेत. पण त्यांना बोलता येत नाही, हे तुम्हाला रोज सांगायचं का?"

"इचारून तेवढं सांगा की, ताई. माळवाडीचं सकाळचं दूध संध्याकाळच्या यादीत पडाय लागलंय."

साक्षीचे वडील प्रसेनजीत कांबळे, म्हणजे आप्पा, कॉटवर उशीला टेकून बसले होते. मे महिन्यात घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. तेव्हापासून ते पाटीवर लिहायचे. त्यांनी लिहिलं, 'सगळ्या संस्थांचं, की एकीचंच?'

एकीचंच, असं उत्तर आलं. मग पाटी पुसून, 'मशीनचं घड्याळ कुणी लावलं?'

"काल वीज गेलती," बाळासो म्हणाला. "नव्या सेक्रेटरीनं लावलंय."

घड्याळ बारा तास पुढे होतं. एवढ्याला पंचवीस मिनिटं गेली.

"बारा वर्षांत यांना एवढंही शिकवलं नाहीत, आप्पा?"

आप्पांनी खांदे उडवले.

संघाची सगळी सिस्टीम त्यांनी त्र्याण्णव साली एकट्याने लिहिली होती. गगनबावड्यापासून हातकणंगल्यापर्यंतच्या दूध संस्था त्यांनी लुनावरून पालथ्या घातल्या. दूध कसं मोजतात, वहीत आधी काय लिहितात, हे बघितल्याशिवाय ते कीबोर्डला हात लावत नसत. दोन हजार साल उजाडताना इतरांची धांदल उडाली. आप्पा निवांत होते. वर्षाचे चारही आकडे त्यांनी पहिल्यापासून ठेवले होते. शेतकऱ्याला त्यातली फक्त चिठ्ठी दिसायची आणि ती बरोबर असायची. दिवाळीत ते निवृत्त झाले, पण संघाचा फोन काही सुटला नाही.

साक्षी एम.सी.ए. झाली होती. पुण्यातल्या दोन कंपन्यांनी तिला परत पाठवलं होतं आणि दोन्हीकडे एकच शेरा मिळाला होता: पाठ सगळं आहे, पण बिघाड समोर ठेवला की गप्प बसते. आठ ऑगस्टला तिसरी मुलाखत होती. तीही गेली तर वारणानगरच्या शाळेत शिकवायला जायचं आणि हा नाद सोडायचा, असं तिने ठरवलं होतं. अभ्यासाला सकाळचेच काय ते तास मिळायचे. तेही बाळासो खायचा.

"बंद ठेवू या का फोन?" तिने आईला विचारलं.

"ठेव की," अंजनाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "मग तुझा बाप दिवसभर माझं डोकं खाईल, पाटीवर लिहून लिहून."

जून संपता संपता आप्पांचं लिहिणं कमी झालं. एकदा त्यांनी पाटी कोरीच धरली.

"लिहा ना, आप्पा! तो थांबलाय तिकडं."

त्यांनी खडूने तिच्याकडे बोट केलं. ती वैतागली.

"बाळासो, यादी नक्की कुठं तुटते?"

"नव्याण्णवाव्या नावावर."

"सभासद किती आहेत?"

"शंभरावा कालच झालाय."

"मग नंबराला दोनच आकड्यांची जागा असणार. तीन करा." तिने फोन आपटला. "वर्षाला चार आकडे ठेवणारा माणूस सभासदाला दोन ठेवतो? तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती हं."

आप्पा हसले. नुसते खांदे हलले.

पुढे पाटी कोरीच राहू लागली. ते थकलेत, असं ती समजली. अठरा जुलैला सकाळी ते गेले.

दहा दिवसांनी, अकराला, फोन वाजला.

"ताई, बाळासो. शिरगावच्या दुधाचा फॅट दोन दिवस झाले एकच येतोय बघा, सगळ्यांचा."

साक्षी सवयीने विचारू लागली.

"मशीन बदललं? तार काढली होती? मग मशीनकडनं आकडा येतच नाहीये, जुनाच पुन्हा पुन्हा छापला जातोय. आणि बाळासो, माणूस गेला हो. आता तरी सोडा त्याला."

"व्हय ताई," बाळासो हळूच म्हणाला. "मग उद्या करू?"

तिने चप्पल घातली आणि थेट संघाकडे जाणारी एस.टी. पकडली. संघाच्या मोठ्या साहेबांना तोंडावर विचारायचं होतं, की एका मेलेल्या माणसाच्या जिवावर किती दिवस कारभार चालवणार?

संगणक कक्षात नवी मशिनं होती. शिवानी नावाची ऑपरेटर मान वर न करता म्हणाली, "बाळासो व्हय? ते गोडाऊनला असतात आता."

"मग जुनी सिस्टीम कोण बघतं?"

"कोण न्हाय. दिवाळीतच बंद केली की ती."

गोडाऊनमध्ये पशुखाद्याच्या पोत्यांआड बाळासो बसला होता. टेबलावर फोन आणि उघडी शाळकरी वही. तिला बघून तो उठून उभा राहिला. वही झाकायचं त्याला सुचलं नाही.

अक्षर आप्पांचं होतं. क्रमाने पन्नास बिघाड. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात, 'घड्याळाचं विचारलं तर सांगणे : काल वीज गेली होती.' 'सभासद विचारले तर : शंभरावा काल झाला.' सदतीस प्रश्नांपुढे बाळासोने बरोबरची खूण केली होती.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दिलती," तो म्हणाला. "मला त्यातलं काय कळत न्हाय, ताई. साहेब म्हणालते, रोज अकराला एक इचारायचा. शिव्या घातल्या तरी इचारायचा."

साक्षीने वही उचलून पानं चाळली.

"तेरा राहिलेत," ती शेवटी म्हणाली. "ते कधी विचारणार?"

बाळासोने नकारार्थी मान हलवली. वही तिच्या हातातून घेतली, शेवटचं पान उलटलं आणि तिच्यासमोर धरली.

'फोनवर न भागवता साक्षी स्वतः बघायला आली, तर पुढचे विचारू नका. आता तिला येतं.'