चहाच्या सुट्टीतली गोष्ट

"लेकराला रोज गोष्ट वाचून दाखवा," असं बालवाडीच्या लतिका मॅडमनी बजावलं होतं. पण धम्मपालची रसमडा गावच्या कारखान्यात बारा तासांची ड्यूटी. चार वर्षांची मिनू उठायच्या आधी तो भिलाईतल्या घरून निघायचा आणि ती झोपल्यावर परतायचा.

मग त्यानं तिच्या पुस्तकाच्या पानांचे फोटोच मोबाइलमध्ये काढून घेतले. रोज चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमागे उभं राहून, कधी वाघाचा तर कधी उंदराचा आवाज काढत तो गोष्ट वाचायचा आणि सुपरवायझरची हाक येईपर्यंत जेवढी रेकॉर्ड होईल तेवढी बायकोच्या फोनवर पाठवायचा. घरी मिनू पुस्तक मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट फिरवत ऐकायची.

पालकसभेला त्यानं मुद्दाम सुट्टी टाकली आणि मिनूला घेऊन बालवाडीत गेला.

"धम्मपालभाऊ, पोरगी गोष्टी फार छान सांगते. अगदी आवाज काढून!" मॅडम म्हणाल्या. "फक्त एक कळत नाही. गोष्ट रंगात आली की वाघ असो, उंदीर असो, 'आलो साहेब!' म्हणून ओरडतो आणि गोष्ट तिथंच संपते. काल तर सिंहासनावरचा राजासुद्धा 'आलो साहेब!' म्हणाला. हे सगळे जातात तरी कुठं?"

धम्मपाल कान खाजवत म्हणाला, "मॅडम, ते असं हाय का..."

मिनूनं कपाळावर हात मारला.



"एवढंबी मालूम नाही तुमाले? ड्यूटीवर!"