आलूबोंड्याचं कूपन

बालाघाटच्या आमच्या सहकारी बँकेला भांडवल कमी पडत होतं. वार्षिक सभेत अध्यक्ष नंदकिशोरजींनी घाम पुसत पुसत ठराव मांडला, "या वर्षी लाभांश रोख नाही भेटणार. त्या पैशाचे बँकेचेच नवे शेअर तुमच्या नावावर चढवू. पैसा बँकेतच राह्यते, बँक वाढते अन् तुमचा हिस्साही वाढते!"

मागून आलूबोंडे तळल्याचा वास येत होता. तीनशे सभासदांनी एकदम हात वर केले. कोणी एकही प्रश्न विचारला नाही. कटंगीच्या विमलाबाई तर गेली वीस वर्षं प्रत्येक ठरावाला असाच मुकाट्याने हात वर करत आल्या होत्या.

अध्यक्षांना चेव आला. "मंग नाश्त्याचंही तसंच करू! हे बोंडे बस स्टँडवर विकून टाकू, पैसा भांडवलात. तुम्ही आज कूपन घ्या, पुढच्या वर्षी एकाचे दोन बोंडे भेटतील!"



विमलाबाई तरातरा स्टेजवर चढल्या आणि त्यांनी माइक ओढून घेतला, "थांबा भाऊ! आधी मले बँकेचा वीस वर्षांचा हिसाब दाखवा."