कुटुंबाचा खुलासा

मालसूनबाईंनीच मुलाला विष घातलं, असा निकाल दुपारपर्यंत लागला. पण तो लागलाच नाही असं समजू, कारण निकाल देणारे सगळे मोबाइलवर होते आणि त्यात न्यायाधीश एकही नव्हता.

झालं होतं एवढंच. अचानक गेलेला त्यांचा मुलगा, गायक गारम, याच्या फोटोपुढे, कोरियातल्या सोल शहरातल्या अंत्यदर्शनाच्या दालनात, बाईंनी समुद्रशेवाळाच्या सुपाचा वाडगा ठेवला. दारातून कुणीतरी वाडग्याचा फोटो काढून मोबाइलवर पसरवला. हे सूप वाढदिवसाला करतात, हे तिथली पोरंटोरंही जाणतात. मग काय! ‘पोरगा गेला आणि आई वाढदिवस करतेय!’ एका तज्ज्ञाने तर वाडग्यातलं शेवाळ मोठं करून त्यात हेतू दाखवला.

गारमचा मॅनेजर बांग घाम पुसत आला. “आई, आजच सुचलं का हो तुम्हाला हे?”

“आजच्याच दिवशी जन्मला ना रे तो. मी काय करू?”

“आता खुलासा द्यावा लागेल. सरकारी भाषेत सांगा, म्हणजे कुणी खोलात जाणार नाही.”

बाई सांगत गेल्या, बांग लिहीत गेला.

“सूप माझ्या मुलासाठीच केले आहे. ते गार होत आहे. तरी संबंधिताने तत्काळ उठून जेवून घ्यावे, ही विनंती.”